ठमाबाईंची उपासमार

माझ्या हातून आजवर कुणी उपाशी राहिलेलं नाही. अपवाद एकच, आणि तो नेमका सासूबाईंचा मासा निघाला!

सासू-सासरे धाकट्या मेहुणीकडे नागपूरला निघाले, तेव्हा त्यांच्या नारायण पेठेतल्या घरी फिशटँक सांभाळायला मी आणि बायको, नीता, मुक्कामाला गेलो. टँकमध्ये चार पट्टेरी बार्ब (चपळ, आगाऊ, सदा भुकेले) आणि एक गोल्डफिश, ठमाबाई. ठमाबाईंचं पोट मोठं, शेपटी त्याहून मोठी आणि चाल वरमाईची.

"जावईबापू, आमच्या ठमाचं सगळं जरा संथ असतं हं. तिला खायला घालताना..." सासूबाई सांगू लागल्या.

"अहो आई, माशांना खायला घालायला शिकवणी कशाला हवी!"

त्या गप्प बसल्या. पेठेतली बाई वाद न घालता गप्प बसली की माणसानं घाबरावं. मी घाबरलो नाही.

दुसऱ्या दिवशी चिमूटभर खाणं टाकलं. बार्बांनी फडशा पाडला. ठमाबाई वळून येईपर्यंत पंगत उठलेली! मग मी जास्त टाकलं. बार्बांनी जास्त खाल्लं. आठवड्याभरात बार्ब भरल्या वांग्यासारखे टम्म झाले आणि ठमाबाईंच्या पोटाला खळगा पडला.

"आई तिच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलते," नीता म्हणाली. "तिला काही झालं ना, तर आईला तोंड तू दाखव. मी नाही."

"अगं, पण मासा काही माझा..."

"शिकवणी नको होती ना तुला?"

शेवटी मला युक्ती सुचली. भाजी धुवायची जाळीची टोपली पाण्यात सोडली, ठमाबाईंना आत बसवलं आणि वरून सोललेला मटार टाकला. खास पाहुण्यांसाठी वेगळी खोली! (मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.) बार्ब जाळीच्या भोकांतून आत शिरले, मटार खाल्ला आणि ढेकर दिल्यासारखे बाहेर निघाले. तिघे निघाले. चौथा पोटाशी अडकला!

"अरे, काढ त्याला!" नीता किंचाळली.

मी बाहीसकट हात घातला. टोपली कलंडली, अर्धी बादली पाणी माझ्या अंगावर आलं, आणि दाराची बेल वाजली. नागपूरची गाडी वेळेवर आली होती! (एरवी कधी येते का?)

सासूबाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. "आंघोळीला आपल्याकडे बाथरूम आहे, जावईबापू."

मग त्यांनी जाळी हलकेच वाकवून बार्बाला सोडवलं. ठमाबाईंकडे नजर गेली आणि त्यांचा आवाजच बदलला. "वाळली गं माझी ठमा!" मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "खादाडांना आधी एका कोपऱ्यात वरवरचं काहीतरी टाकायचं. भरपूर. ते तिकडे गुंतले, की संथ जिवाला दुसऱ्या कोपऱ्यात निवांत चांगलंचुंगलं द्यायचं."

त्यांनी डावीकडे खाणं भुरभुरलं. चारही बार्ब तिकडे धावले. उजवीकडे मटाराचा दाणा सोडला. ठमाबाई डुलत डुलत आल्या, विचार केला, आणि खाल्ला! दुसराही खाल्ला! मी ओल्या बाहीनं डोळे पुसले.

"दमला असाल," असं म्हणत सासूबाईंनी हॉलमध्ये माझ्यापुढे चिवड्याचं ताट आणून ठेवलं. ताट म्हणजे ताटच. "होऊ द्या. अजून आहे."

मी तुटून पडलो. तोंडात बकाणा भरलेला असताना सहज आत नजर गेली. स्वयंपाकघरात सासरे नव्या कवळीनं निवांत चघळत बसले होते. समोर नागपूरहून आणलेल्या संत्रा बर्फीचा उघडा डबा. सासूबाई हळूच म्हणत होत्या, "घ्या अजून एक. काही घाई नाही, ते तिकडे गुंतलेत."

आणि सासुरवाडीला पाय ठेवल्या ठेवल्या पुढ्यात येणाऱ्या त्या ताटभर चिवड्याला मी इतकी वर्षं जावयाचा मान समजत होतो!