आत्या आणि तेलाच्या चिंध्या

आमच्याकडे मजुरीला येणाऱ्या बुधीला अंगणातल्या फणसाला बांधले होते. तिच्या कपाळातून रक्त येत होते. तिच्यासमोर भर उन्हात पाट टाकून माझी आत्या बसली होती आणि आत्यापुढे तेलकट चिंध्यांचे गाठोडे होते. बुधीला बांधणारी माणसे परकी नव्हती. त्यातल्या दामूच्या बायकोचे बाळंतपण आदल्या पावसाळ्यात बुधीनेच केले होते. तेच पोर कडेवर घेऊन ती बाई बघायला उभी होती. मी लहान होते. माणसे असे करतात हे मला ठाऊक नव्हते.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर जव्हारला आमच्याकडे आली आणि घर तिच्या ताब्यात गेले. "हात घालून बघ, मग बोल," हे तिचे वाक्य. पाणी तापले का, धान्याला कीड लागली का, नुसते डोळ्यांनी बघून सांगितलेले तिला चालत नसे. वडील संस्थानच्या जंगलखात्यात कारकून होते. एकदा ते म्हणाले, "डब्यात तांदूळ असतील." आत्या म्हणाली, "असतील म्हणजे? हात घालून बघ." कारकुनाने मुकाट्याने डब्यात हात घातला.

दुसरी तिची खोड म्हणजे चिंधी टाकायची नाही. मी एखादी टाकली तर म्हणायची, "कापूस तुझ्या बापाने पिकवलाय का?" माझा बाप तिचाच भाऊ, पण ते तिला आठवत नसे.

आमच्या घरात खाली शेणाने सारवलेली जमीन आणि वर माडीला सागवानी फळ्या. त्या फळ्या झिजून खरबरीत झाल्या होत्या, पायात कुसळे जात. पावसाळ्याआधी त्या नीट करायच्या असे आत्याने ठरवले आणि जवळच्या साखरशेत गावाहून बुधीला बोलावले. दोघींनी काचेच्या तुकड्यांनी फळ्या खरवडल्या, विटकरीने घासल्या, धुऊन वाळवल्या. मग उकळलेले जवसाचे तेल चिंध्यांनी चोळून जिरवले. घासताना बुधी तोंडातल्या तोंडात गाणे म्हणायची. आत्या म्हणायची, "गा, पण हात थांबवू नको." माडीची जमीन अशी झाली की तळहात घसरावा.

काम संपले, बुधी घरी गेली. तेल प्यालेल्या चिंध्या आत्याने घट्ट गाठोडे बांधून माडीच्या कोपऱ्यात ठेवल्या. खालची दारे चोळायला उपयोगी पडतील म्हणून. दुपारी माडीवरून धूर आला. तेव्हा घरात चूल पेटलेली नव्हती, दिवा लावलेला नव्हता. आम्ही घागरी ओतून आग विझवली, तोवर अंथरुणे आणि कोपऱ्यातल्या फळ्या जळाल्या होत्या.

विस्तवाशिवाय आग कशी लागली? शेजारचा दामू म्हणाला, "बुधी जमिनीवर वाकून पुटपुटत व्हती. मी ऐकला. भुताळीच ती, चेटूक करते." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला रस्त्यावरून ओढत आमच्याच अंगणात आणले. भुताळी कोण ते सांगणाऱ्या मोखाड्याकडच्या भगताला बोलावणे गेले. भगताने बोट दाखवले की त्या बाईचे काय होते हे सगळ्यांना माहीत होते. बुधी एवढेच म्हणत होती, "मी काय नाय केला, बाय. मी काय नाय केला."

आत्या माडीवरून खाली आली. म्हणाली, "चिंध्या माझ्या. गाठोडे मी बांधले. बांधताना हाताला ऊब लागली होती, मी उन्हाची समजले. ती तेलाची होती, त्यानेच गाठोडे आपसूक पेटले." उरलेले तेल तिने दुसऱ्या चिंध्यांना चोळले, तसेच गाठोडे बांधले आणि पाटावर बसली.

वडील हळूच म्हणाले, "आक्का, नाही पेटले तर?"

"मग आग मीच लावली म्हणेन. मला बांधा."

वडील दोन पावले मागे सरकले. ते मला अजून खुपते.

ऊन चढले. दामू हसून म्हणाला, "आत्याबाय, आंडी उबवतेस काय?" लोक हसले. बुधी बांधलेली असताना हसले. आत्याने मला बुधीला पाणी पाजायला सांगितले आणि स्वतः पुन्हा गाठोड्यात हात घातला. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

दुपार कलल्यावर तिने हाक मारली. "दामू, इकडे ये. हात घालून बघ."

दामूने हात घातला आणि ओरडून मागे ओढला.

"आता बोल," आत्या म्हणाली.

तिने गाठोडे फाडून उघडले. आत सगळे काळे झाले होते. वारा लागताच धूर सुटला आणि मग जाळ.

दोर सोडायला कुणी पुढे आले नाही. आत्याच्या तळहाताला फोड आले होते, म्हणून तिने गाठ दातांनी सोडली.

दामूची बायको दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी ताक मागायला आली. आत्याने ताक दिले. तिच्या जागी मी असते तर दिले नसते. जळलेल्या फळ्या मात्र आत्याने मरेपर्यंत बदलू दिल्या नाहीत. म्हणायची, "राहू दे. ज्याला खोटे वाटेल त्याने हात लावून बघावा."

बुधी आमच्या माडीवर पुन्हा चढली नाही. पण ती जगली. साखरशेतात म्हातारी झाली आणि आपल्या अंथरुणावर मेली.