घाटाच्या वरचं गोडाऊन

ट्रकच्या केबिनमध्ये सीटच्या मागे एक जागा असते. तिथे काय ठेवायचं हे कुणी ठरवत नाही, पण सगळं तिथेच जातं. दोरखंड, फाटकी ताडपत्री, वाळत घातलेला टॉवेल, अर्धी विडी, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. एक वस्तू काढायला हात घातला की तिच्या मागे चार ओढून येतात. किश्श्यांचंही तसंच. मी नामदेवचा एक सांगायला बसलो की मागून बाकीचे येतातच, आणि ऐकणारा म्हणतो, “आबा, ताडपत्री मागितली होती, तुम्ही दुकानच काढलंत.”

नामदेव ड्रायव्हर आणि मी त्याचा क्लीनर. उरवड्याच्या एका कारखान्याचा माल आम्ही ताम्हिणी घाटातून खाली कोकणात न्यायचो. ट्रक बदलले, मालक बदलले, आमच्या जागा बदलल्या नाहीत. तो उजवीकडे, मी डावीकडे. मी त्याला उस्ताद म्हणतो, अजूनही. शाळेत मी गेलो नाही. मराठी अक्षरं पुढच्या ट्रकच्या मागे लिहिलेलं वाचत वाचत शिकलो. इंग्रजी मात्र नंबरप्लेटच्या पुढे गेलं नाही.

आणि क्लीनरची भाषा म्हणजे थाप. दाराच्या पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. तेवढ्यावर आमचं आयुष्य निघालं.

*

कारखान्याच्या गेटवर छोटं ऑफिस होतं. गाडी भरली तरी गेटपास मिळेपर्यंत तिथे बसावं लागायचं. तिथल्या कॉम्प्युटरवर कारकुनाने एक गेम ठेवला होता. एक छोटा ट्रक, एक घाट, आणि वरून पडणारे दगड. दगड डावीकडे पडणार असेल तर आधी जाड आवाज यायचा, टुक. उजवीकडे असेल तर बारीक, टिक. बाणाची बटणं दाबून ट्रक वाचवायचा. अगदी वर गोडाऊन आहे आणि तिथे माल पोचवायचा, असं कारकून सांगायचा. त्याने स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं.

नामदेवला त्या गेमचं वेडच लागलं. गेटपास हातात आला तरी उठेना. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या.

कारकून म्हणाला, “नामदेवराव, दिवसभर ट्रक चालवता, आणि जरा बसायला मिळालं की परत ट्रकच?”

“हितं डिझेल लागत न्हाई,” नामदेव म्हणाला. “अन् मालक फोन करत न्हाई.”

*

वेड लागलं तरी गेम करणाऱ्या माणसाबद्दल त्याचं मत वाईटच होतं.

“ह्यानं जन्मात ट्रक चालवला न्हाई,” तो म्हणायचा. “बघ की. एवढा घाट, अन् एक चहाची टपरी न्हाई. पंक्चर न्हाई. समोरनं एष्टी येत न्हाई. कुनी हात करून थांबवत न्हाई. हा कसला घाट? गादीवर बसून काढलाय हा घाट.”

मी आपला बाजूला बसून बघत असायचो. एकदा धीर करून विचारलं, “उस्ताद, ह्यात क्लीनर कुटं हाय?”

नामदेवने मान वळवली नाही. “खाली उतरलाय. चाकामागं दगड लावायला.”

“मग गाडी तर पुढं चाललीय.”

“म्हनूनच दिसंना झालाय.”

*

पुढे कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले आणि जुना भंगारच्या ढिगावर गेला. नामदेवने साहेबांना विचारून तो उचलला. आता तो डबा म्हणजे आजकालच्या टीव्हीसारखा चपटा नव्हे, पोटुशा म्हशीएवढा. मागे टाकला तर फुटेल, म्हणून उरवड्यापासून आमच्या नांदे गावापर्यंत तो माझ्या मांडीवर. रस्ता तेव्हाही असाच होता. प्रत्येक खड्ड्याला नामदेव विचारायचा, “लागलं का रं?”

मी म्हणायचो, “न्हाई उस्ताद, बराय मी.”

तिसऱ्यांदा तो म्हणाला, “तुला कोन इचारतंय?”

*

डबा त्याच्या घरी वर्षानुवर्षं चालला. आम्ही दोघंही घरी बसलो. मग नामदेवच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. डावा डोळा गेला, उजव्यात सावल्या राहिल्या. तरी हा बाबा गेम खेळायचा, आवाजावर. टुक म्हटलं की उजवीकडे, टिक म्हटलं की डावीकडे. घाटातल्या वळणांना त्याने ताम्हिणीतलीच नावं दिली होती. माकडांचं वळण, वडापावचं वळण, उलटीचं वळण. शेवटचं नाव माझ्यावरून पडलं आहे, ते जाऊ द्या. वरच्या एका वळणाच्या पुढे मात्र तो कधी गेला नव्हता. त्या वळणाला नाव नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच डबा बंद पडला. बटण दाबलं, जळका वास आला, संपलं.

त्याच आठवड्यात मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं आणि येताना पिरंगुटच्या कॉम्प्युटरवाल्याकडे. बाहेर आल्यावर नामदेव म्हणाला, “दोघंबी येकच बोलले.”

“काय?”

“आता ह्याचा पार्ट मिळत न्हाई.”

हसला. मग रिक्षात बसल्यावर जरा वेळाने म्हणाला, “किसन, पार अंधार व्हायच्या आत त्या घाटाच्या वरचं गोडाऊन बघायचंय मला. सगळ्यांचा माल पोचवला. ही येकच ट्रिप आर्धी ऱ्हायलीय.”

मी रिक्षाच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. रिक्षावाल्याने वळून बघितलं.

*

आमची सूनबाई मनीषा हिंजवडीच्या ऑफिसात काम करते, निम्मे दिवस घरूनच. तिला सगळं सांगितलं. तिने डब्यातून एक डबी काढून आणायला सांगितली आणि त्यातून गेम आपल्या लॅपटॉपवर घेतला. नामदेवला वाटलं होतं, दोन-तीन दिवस लागतील. चहा पिऊन होईपर्यंत काम झालं.

“काका, हा अख्खा गेम तुमच्या एका फोटोपेक्षा छोटा आहे,” मनीषा म्हणाली.

“एवढा घाट?” नामदेवला ते पटलंच नाही. “वजन करताना काटा चुकला आसंल.”

पण गेम काही उघडेना. नवा लॅपटॉप त्याला ओळखच दाखवेना. मनीषाने समजावलं, “हा गेम जुन्या मशीनसाठी केलेला आहे. आता मी एक दुसरा प्रोग्राम टाकते. तो जुना कॉम्प्युटर असल्याचं नाटक करेल, मग गेम फसेल आणि चालू होईल.”

नामदेवने नीट विचार केला. “म्हंजे नव्यानं जुनं आसल्याचं सोंग घ्यायचं.”

“बरोबर.”

“आरटीओच्या पासिंगच्या टायमाला आमी उलटं करायचो,” तो म्हणाला. “तरी चालायचं.”

*

गेम चालू झाला. पण असा, की ट्रक दिसायच्या आत दरीत. मनीषाने परत लावला, परत दरीत. नवा लॅपटॉप इतका चपळ, की घाट पुरेना.

आमची मंडळी, सुमन, दारात मेथी निवडत होती. तिने मान वर केली. “ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधत्यात. ह्याला बांधा की.”

आजकालच्या मुलांना लोढणं माहीत नसतं, म्हणून सांगतो. जे जनावर सारखं पळतं, त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात. पळायला गेलं की ओंडका गुडघ्यावर आपटतो. शहाणं होतं.

मनीषा हसली. “आई, अगदी तेच करायचंय.” त्या प्रोग्राममध्ये लॅपटॉपला दमवायची सोय होती म्हणे. ती एकेक बटण दाबत गेली, आणि तिकडे ट्रक हळू हळू होत आमच्या जुन्या चालीवर आला. तेव्हापासून आमच्या घरात त्या बटणाचं नाव लोढणं.

पुढच्या आठवड्यात तिची मीटिंग चालू होती. कसलं तरी काम फार वेगात जात होतं, तर ही बोलून गेली, “इसको थोडा लोढणं डालना पडेगा.”

तिकडून दिल्लीचे साहेब म्हणाले, “गुड. लायसन्स है ना उसका?”

*

आता ट्रक चालीवर आला, पण मुका. आवाजच नाही. नामदेव लॅपटॉपपुढे हात बांधून बसला.

“काका, सुरू करा की.”

“गाडी बंद हाय.”

“चालू आहे, समोर दिसतेय बघा.”

“तुला दिसतीया. मला इंजान ऐकू येत न्हाई, म्हंजे गाडी बंद.”

मनीषा म्हणाली, आवाजाचं बघावं लागेल, वेळ लागेल. मला काही तेवढा धीर निघेना. मी म्हणालो, “उस्ताद, मी हाय न. दगड डावीकडं आला की टेबलावर येक थाप मारीन, उजवीकडं आला की दोन.”

त्याला पटलं. ट्रक निघाला. पहिला दगड डावीकडून आला. मी टेबलावर एक थाप मारली.

नामदेवने ब्रेक दाबला.

गेममध्ये ब्रेक नाही. पण त्याचा पाय जन्मभराच्या सवयीने खाली गेला, आणि टेबलाखाली सुमनने अंड्यांचा ट्रे ठेवला होता.

पायाची बोटं तशीच वर धरून नामदेव मला म्हणाला, “थांब म्हनलास, थांबलो. आता वहिनीला तू सांग.”

*

आवाजाचं काम पुष्कळ दिवस चाललं. मनीषा रोज ऑफिस संपलं की बसायची. आधी आवाज आला तो लग्नाच्या बँडसारखा. नामदेव म्हणाला, “घाटात वरात कुनाची?” मग आला तो मोबाइलसारखा गोड. “हा टुक न्हवं. हा कुनाचा तरी फोन आलाय.”

दरम्यान त्याच्या उजव्या डोळ्यातल्या सावल्याही पातळ होत होत्या.  आमच्या घरी येताना तो उंबऱ्याला पायाने चाचपायला लागला होता. मनीषाने ते पाहिलं. त्या दिवशी ती जेवायच्या आधीच लॅपटॉप घेऊन बसली.

शेवटी एका रविवारी दुपारी आतल्या खोलीतून आवाज आला. टुक. थोड्या वेळाने, टिक.

नामदेव ओसरीवर बसला होता. त्याने शर्टाची वरची गुंडी लावली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि उठून आत आला.

“गेटपास मिळाला वाटतं,” म्हणाला.

*

आता शेवटचा.

त्यानंतर रोज दुपारी आमची गाडी निघायची. तो खुर्चीवर उजवीकडे, मी डावीकडे स्टुलावर. त्याला माझी गरज नव्हती, आवाज होता. पण क्लीनर नसलेली गाडी घाटात काढायची नसते, म्हणून मी बसायचो.

परवाची गोष्ट. माकडांचं वळण गेलं, वडापावचं गेलं, माझं गेलं. बिननावाच्या वळणावर ट्रक आला. इथेच दरवेळी गाडी दरीत जाते. नामदेवने खुर्ची पुढे ओढली. आणि टुक आणि टिक दोन्ही आवाज एकदमच आले.

त्याची बोटं बटणांवर थांबली. इकडे जावं तर दगड, तिकडे जावं तर दगड. दरवेळी तो घाबरून कुठेतरी वळायचा आणि जायचा. आवाजाला तेवढंच सांगता येतं. मी मात्र या वेळी आवाज सोडून नुसता बघत होतो. दगड दोन्ही कडांनी येत होते आणि मधे ट्रकपुरती वाट होती.

मी टेबलावर दोन थापा मारल्या.

नामदेवने दोन्ही बोटं वर उचलली. ट्रक सरळ गेला. दगड दोन्ही बाजूंनी खाली गेले. मग आवाज बंद झाले. घाटच संपला.

“किसन?”

“हां उस्ताद.”

“पोचलो?”

“पोचलो.”

त्याने चेहरा लॅपटॉपच्या अगदी जवळ नेला. नाक काचेला लागलं. 

“निळं दिसतंय,” म्हणाला. “बाकी तू सांग.”

पडदा निळा झाला होता. मधे एक छोटं घर, त्याला दार, दार बंद. माणूस नाही, कुत्रं नाही. खाली इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी. मनीषा माडीवर मीटिंगमध्ये होती आणि मीटिंग चालू असताना हाक मारायची नाही, असा घरचा नियम आहे. ट्रक दाराशी उभा होता. थोड्या वेळाने तो आपोआप गेला आणि परत घाटाच्या पायथ्याशी दिसायला लागला.

“काय म्हनतोय गोडाऊनवाला?” नामदेवने विचारलं.

घर होतं त्या जागेकडे मी बघितलं. मग म्हणालो, “शटर बंद हाय उस्ताद. हमाल घरी गेल्यात. माल उद्या उतरवतू म्हनतोय.”

नामदेव मागे टेकला. आधी नुसते खांदे हलले, मग हसता हसता ठसका लागला, मग टोपी काढून त्याने डोळे पुसले.

“किसन,” तो म्हणाला, “मी उगाच त्या मानसाला नावं ठेवली. ज्यानं हा गेम केला, त्यानं ट्रक चालवलाय.”