अर्ध्या परीक्षेचा फ्लेक्स

सोमवार, ४ मार्च २०२४. चौदा हजार दोनशे पन्नास पेसो.

एवढी रक्कम त्या दिवशी दुपारी एका परीक्षेची फी म्हणून माझ्या क्रेडिट कार्डावरून गेली. परीक्षा माझी नव्हती. मी कॉमर्सचा पदवीधर, फिलिपाइन्समधल्या इलोइलोत इझनार्ट रस्त्यावरच्या एका हार्डवेअरच्या पेढीत अडतीस वर्षे हिशेब लिहितोय. डिसेंबरात निवृत्त होईन. परीक्षा मिनिंगची होती, पण तिच्याकडे कार्ड नव्हते आणि परीक्षा घेणारी परदेशी संस्था रोख घेत नव्हती. माझे पैसे ती हप्त्याने फेडणार होती.

मिनिंगचे खरे नाव हेर्मिनिया सोब्रेव्हेगा. वय त्रेचाळीस. एका कॉलेजात संगणक आणि प्रिंटर दुरुस्त करते, नऊ वर्षे झाली. नऊ वर्षे म्हणजे पाच-पाच महिन्यांचे करार. सहा महिने भरले तर माणसाला कायम करावे लागते, म्हणून पाच महिने झाले की घरी, एक महिना थांबायचे, मग पुन्हा नवा करार. सतरावा करार फेब्रुवारीअखेर संपला होता. घरी बसायच्या महिन्यात ती बाहेरची कामे घेते. आमच्या पेढीचा प्रिंटर त्यातलाच.

त्या दिवशी प्रिंटरचे झाकण लावता लावता तिने विषय काढला. मला ती नोंग म्हणते, म्हणजे दादा; मी तिला इंदाय, म्हणजे पोरी.

"नोंग फिडेल, कॉलेज एक जागा कायमची भरतंय. जूनपासून."

"मग? तुलाच मिळणार. दुसरं आहे कोण?"

"पदवी पाहिजे. नाहीतर मान्यताप्राप्त संगणक प्रमाणपत्र. एकतीस मेच्या आत."

पदवी तिची दुसऱ्या वर्षाला सुटली होती, वडील अंथरुणाला खिळले तेव्हा. राहिले प्रमाणपत्र. तिने माझ्याच संगणकावर त्या संस्थेचे पान उघडले. परीक्षेच्या एकाच नावाखाली दोन ओळी होत्या. किंमत सारखी, परीक्षेचा आकडाही सारखा, फक्त त्याचा शेवटचा अंक वेगळा. एकीला एक, दुसरीला दोन.

"यातली कुठली?" मी विचारले.

"सेट ए आणि सेट बी असणार."

मलाही ते लगेच पटले. आमच्या शाळांत बाई एका बाकाला सेट ए द्यायच्या, शेजारच्याला सेट बी, म्हणजे कोणी कोणाचे बघून लिहू नये. दोन आकडे दिसले की आम्हाला दुसरे काही सुचतच नाही.

"ए घेऊ," ती म्हणाली. "ए जरा सोपा असतो."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, नोंग."

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात बरेच काही होते. मी बिलाची मागची बाजूसुद्धा वाचणारा माणूस. त्या दिवशी नाही वाचली.

तिने पहिल्या आकड्याच्या पुस्तकाची झेरॉक्स करून आणली आणि ती रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलासमोर बसू लागली. मी प्रश्न वाचायचो, ती उत्तर द्यायची. एप्रिलमध्ये अठरावा करार सुरू झाला तशी ती फक्त शनिवारी येऊ लागली. तिला अभ्यास येत नव्हता असे नाही. अडचण अशी की तिला काम येत होते.

"संगणक चालू होत नाही, नुसता बीप करतो. सगळ्यात आधी काय कराल?"

"मेमरीची पट्टी काढायची, खोडरबरनं घासायची, परत बसवायची."

"असा पर्याय नाही."

"नीट बघा. ड मध्ये असेल."

"ड मध्ये मदरबोर्ड बदला असं आहे."

"बदला? कोणाच्या पैशानं?" तिने पुस्तक माझ्या हातून ओढून घेतले. "ब. वापरणाऱ्याला विचारा, अलीकडे काही बदल केला का. हे काय उत्तर झालं? तो म्हणणार, मी कशाला हातच लावला नाही."

"असं कोण म्हणतं?"

"तुम्ही म्हणता! दर वेळी!"

शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट हसून हसून खोकायला लागली. बरोबर उत्तर ब होते. मिनिंगने ते वहीत लिहिले आणि पुढे लिहिले, 'परीक्षेपुरते.' अशी तिची दोन प्रकारची उत्तरे झाली, परीक्षेपुरती आणि खरी. मे महिना उजाडला तोपर्यंत कुठले कुठले याचा तिचा गोंधळ होऊ लागला. एकदा कॉलेजात एका प्राध्यापकाचा प्रिंटर अडकला, तर कागद ओढून काढायचे सोडून तिने त्यांना विचारले, "सर, अलीकडे काही बदल केला का?" त्यांना वाटले ती चोरी पकडतेय.

या सगळ्याचा उपयोग काय, यावरही कोणाचे एकमत होईना. माझा मुलगा सिंगापूरला संगणकाच्याच धंद्यात आहे. तो फोनवर म्हणाला, "पपा, हे अगदी पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र. शाळेतून सुटलेल्या पोरांचं. तिनं इतकी वर्षं काम केलंय, तिला कशाला?" मिनिंगची वर्गमैत्रीण दुबईला असते, तिने कळवले, "माझी नोकरी त्याच कागदावर लागली. डोळे मिटून दे." मिनिंगचा भाऊ रोमेल आमच्या बरांगायचा, म्हणजे वस्तीच्या पंचायतीचा, निवडून आलेला सदस्य, लोक त्याला कगावाद म्हणतात. तो म्हणाला, "परीक्षा म्हणजे परीक्षा. पास झालीस तर नाव होईल." कोणाचे नाव, ते त्याने सांगितले नाही.

मी सवयीने कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. 'कॉलेज कायम करील' हे डावीकडे लिहिले. मग वाटले, करीलच असे कुठे आहे? खोडले. उजवीकडे 'न करण्याची शक्यता' लिहिले, तेही खोडले. शेवटी कागदावर रेघ तेवढी शाबूत राहिली.

परीक्षा १८ मे, शनिवारी होती. आदल्या रविवारी तिची आई हारोच्या चर्चमध्ये सात पेन्सिली आणि एक खोडरबर घेऊन गेली आणि पाद्रीबाबांकडून त्यांवर पवित्र पाणी शिंपडून आणले. परीक्षेला बसणाऱ्याच्या पेन्सिली अशा आशीर्वाद घेऊन आणायच्या ही इथली रीत आहे.

"नानाय, परीक्षा संगणकावर आहे," मिनिंग म्हणाली.

"मग काय झालं? संगणक बंद पडला तर?"

"तर मी दुरुस्त करीन!"

"ने म्हणते ना."

परीक्षा केंद्राच्या बाईंनी पेन्सिली, खोडरबर, जपमाळ, हातरुमाल सगळे कपाटात ठेवून घेतले. मिनिंग नव्वद मिनिटे रिकाम्या हातांनी बसली. नऊशेपैकी सहाशे पंचाहत्तर लागतात, तिला सातशे एक मिळाले. पडद्यावर 'उत्तीर्ण' आले, छापील कागदही मिळाला. केंद्राच्या पायरीवरूनच तिने मला फोन केला.

"नोंग, झालं! सातशे एक!"

"सोपा होता का सेट ए?"

"कसला सोपा! बी असता तर मेले असते."

रविवारी सकाळच्या प्रार्थनेला लोक आले तेव्हा चॅपलच्या कोपऱ्यावर आठ फूट बाय चार फुटांचा फ्लेक्स लागलेला होता. परीक्षा पास झालेल्याचा फ्लेक्स इथे लागतोच. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, कोणीही असो. मिनिंगच्या मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून फ्लेक्सवाल्याने तिच्या डोक्यावर पदवीची टोपी चिकटवली होती. खाली 'आंतरराष्ट्रीय प्रमाणित संगणकतज्ज्ञ हेर्मिनिया एस. सोब्रेव्हेगा यांचे अभिनंदन!' आणि त्याखाली, 'तुमचाच, कगावाद रोमेल.' रोमेलचा फोटो तिच्यापेक्षा थोडा मोठा होता.

"ही टोपी कोणी घातली मला?" मिनिंगने विचारले.

"सगळ्यांना घालतो तो. फुकट असते," रोमेल म्हणाला.

आईने गल्लीला पांसितच्या शेवया खाऊ घातल्या. मीही दोन वाट्या खाल्ल्या.

बुधवारी मिनिंग माझ्या टेबलासमोर उभी राहिली. बसली नाही. फोन माझ्याकडे फिरवला.

"नोंग, हे जरा वाचा."

प्रमाणपत्राच्या जागी लिहिले होते, 'अपूर्ण. उर्वरित परीक्षा: एक.'

मी ते दोनदा वाचले. मग त्या संस्थेचे पान उघडून तळाची बारीक अक्षरे वाचली, जी मार्चमध्ये वाचायला हवी होती. सेट ए, सेट बी असे काही नव्हते. पहिला पेपर आणि दुसरा पेपर होता. दोन्ही पास झाल्यावर एक प्रमाणपत्र.

"म्हणजे बी पण द्यायचा?" ती म्हणाली.

"द्यायचा."

"आणि तुम्ही कॉमर्सचे."

मी तारखा बघितल्या. केंद्रात पुढची रिकामी जागा २२ जूनची होती. कॉलेजची मुदत ३१ मे.

दोन दिवसांनी ती मला ला पाझच्या बाजारात बाचोय सुपाच्या टपरीवर भेटली. वाडगा समोर निवत चालला होता. कॉलेजच्या आस्थापना विभागात मॅम सुसेट म्हणून आहेत, त्या जीपनी बसमधून येता-जाता फ्लेक्स बघत होत्या. मिनिंगने त्यांना घाबरत घाबरत तो छापील कागद दाखवला होता.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, यावर तुझं नाव आहे, तारीख आहे, 'उत्तीर्ण' आहे. अजून काय पाहिजे? अर्जाला लाव टाचणी. मी म्हटलं, मॅम, हा... तर म्हणाल्या, उगाच वेळ घालवू नकोस, समितीतलं कोण वाचतंय."

"मग?"

"म्हणून तर तुम्हाला विचारतेय. ते खोटं नाहीये."

"नाहीये."

"पण खरंही नाहीये."

"तसंही म्हणता येईल."

"नोंग!" तिने चमचा वाडग्यात टाकला. "तुम्ही एका बाजूला लिहिता आणि दुसऱ्या बाजूला खोडता. मी काय करू ते सांगा."

अडतीस वर्षे मी इतरांची पत्रके तपासली आहेत. कुठे टीप लिहायला हवी ते मला दुरून दिसते. पण त्या टिपेखाली अठरा करार उभे होते, आणि ती चूक निम्मी माझी होती.

तिने चमचा वाडग्यातून काढून पुसला. मग म्हणाली, "प्रिंटर दुरुस्त झाला म्हणून मी सही केली आणि तो एकाच बाजूनं छापत असला, तर उद्या हाक कोणाला मारतील? मलाच ना?"

सोमवारी तिने अर्ज दिला. कागदाच्या खाली पेनाने लिहिले, 'दोनपैकी एक पेपर उत्तीर्ण. दुसरा २२ जून रोजी.' मॅम सुसेटनी ते वाचून कपाळाला हात लावला. रोमेल तर भडकलाच.

"आणि माझ्या फ्लेक्सचं काय?"

"उतरव."

"लोक विचारतील!"

"सांग, वाऱ्यानं फाटला."

"एवढा चांगला माल, वाऱ्यानं फाटतो होय?"

३१ मेला यादी लागली. जागा केल्विन ट्रास्पे नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलाला मिळाली. त्याच्याकडे पदवी होती. मुलगा चांगला आहे, नम्र आहे. कामाच्या तिसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेतला एक संगणक नुसता बीप करू लागला आणि त्याने मिनिंगला हाक मारली, "मानांग, मदरबोर्ड गेला वाटतं." मानांग म्हणजे ताई. तिने आईने आशीर्वाद घेऊन आणलेले खोडरबर पिशवीतून काढून त्याच्या हातावर ठेवले.

"आधी हे. आणि वापरणाऱ्याला विचारलंस का, काही बदल केला का?"

"विचारलं. म्हणाला, हातच लावला नाही."

"शाबास. तू पास."

मला वाटले, आता ती दुसरा पेपर देणार नाही. जागाच उरली नव्हती. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात ती दुसऱ्या फीची पूर्ण रोकड घेऊन आली. त्यासाठी तिने तिची जुनी सोल्डरिंगची पेटी आणि एक दुरुस्त केलेला लॅपटॉप विकला होता.

"आता कशाला, इंदाय?"

"खरं सांगू? मलाही कळत नाहीये. झाकण उघडं टाकून जाता येत नाही, तसं काहीतरी."

मी कार्ड वापरले. या वेळी तळाची अक्षरे आम्ही दोघांनी आलटून पालटून मोठ्याने वाचली. २२ जूनला तिला सातशे बारा मिळाले. प्रमाणपत्र ईमेलने आले, तीन वर्षांपुरते वैध. तिने ते छापून मॅम सुसेटना दिले. त्यांनी फायलीत लावले आणि म्हणाल्या, "छान. जागा निघाली की बघू." कधी निघेल ते त्यांनाही माहीत नव्हते. पगारात फरक पडला नाही. माझा मुलगा म्हणाला, "सांगितलं होतं." दुबईची मैत्रीण म्हणाली, "इकडे ये." मिनिंगने दोघांनाही अंगठ्याचे चित्र पाठवले.

नवा फ्लेक्स लागला नाही. रोमेल म्हणाला, "अभिनंदन एकदा केलंय." जुना फ्लेक्स आईने स्वयंपाकघराच्या गळक्या पत्र्याखाली आतून बांधला आहे, छापील बाजू खाली करून. भात ढवळताना मान वर केली की टोपीवाली मिनिंग दिसते, उलटी. परवा तिथे बसलो होतो तेव्हा आईने मला विचारले, "फिडेल, ही खरंच पास झाली ना?"

"झाली, नानाय. दोन्ही."

"मग कायम का नाही केलं?"

मी उत्तर जुळवू लागलो, पण मिनिंगनेच मध्ये भात वाढला.

अठरावा करार ३१ ऑगस्टला संपतो. पहिल्या पेपरच्या फीपैकी सातशे पन्नास पेसो तिच्याकडून अजून येणे आहेत.