पूजेतला मॅनिफोल्ड

आमच्या जुन्या गाडीचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा भाग, तापून तापून वाकला होता. मेकॅनिकने तो काढला आणि मी खडकीच्या एका वर्कशॉपमध्ये घासून सपाट करायला दिला. दसऱ्याला वडील त्या गाडीची पूजा करून स्वतः एक चक्कर मारतात, म्हणून मालकांना बजावून सांगितलं होतं. "नवमीला सकाळी घेऊन जा," ते म्हणाले होते.

नवमीला गेलो, तर खंडेनवमीची पूजा उरकलेली. मशीन धुऊनपुसून हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचा हार, आणि हाराखाली माझा मॅनिफोल्ड, तसाच आवळलेला.

"अहो, झालं का काम?"

"अर्धं झालंय. उरलेलं दसरा झाल्यावर."

"मग तसाच द्या काढून."

"पान्याशिवाय निघत नाही, आणि पाने पूजेत आहेत. पेढा घ्या."

मी चरफडत पेढा खाल्ला. दुसरं करणार काय? आमच्या घरी त्या दिवशी कोणी कात्रीला हात लावला, तर ओरडणारा मीच.

दसऱ्याला गाडीला हार घातला. वडील इस्त्रीचा सदरा घालून स्टिअरिंगवर बसले. यंदा गाडी निघणार नाही, हे मी त्यांना आदल्या दिवसापासून सांगत होतो. पण हल्ली सांगितलेलं त्यांच्याजवळ थांबत नाही.

"बघतोयस काय? गेट उघड!" ते खेकसले.

मी जाऊन गेट उघडलं.