आजीचा डावा डोळा

गरिबी लिहिणं मला छान जमत होतं. पगारच त्याचा होता. अमरावतीतल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात मी रुग्णांच्या गोष्टी इंग्रजीत लिहून परदेशातल्या देणगीदारांना पाठवत असे. तिकडचे लोक त्या वाचायचे, पैसे पाठवायचे, आणि इकडे खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं फुकट व्हायची. काम पुण्याचं होतं, हे मी आजही छातीठोक सांगते. खोट होती ती माझ्यात.

अंजनगाव सुर्जीची एक आजी होती. तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं दोन-तीन महिन्यांनी व्हायचं होतं. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, डावा फार पिकलाय, तिला वेळेवर आणा, नाहीतर डोळा हातचा जाईल. आजीचा नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, पण बाकी घर खाऊनपिऊन सुखी होतं. मुलाचा अर्ध्या एकरात पानमळा, सून कामाला वाघीण. आणि मी लिहिलं काय, तर 'या जगात तिचं कोणी नाही, कधी कधी ती उपाशीच झोपते.' जितीजागती दोन माणसं एका वाक्यात पुसली आणि वर निवांत चहा प्यायले.

ती गोष्ट वाचून एका परदेशी बाईंनी आजीच्या दोन्ही डोळ्यांचा खर्च दिला. नवरा वारला होता त्यांचा, त्याच्या आठवणीत दिला, असं पत्रात लिहिलं होतं. हिवाळ्यात त्या स्वतःच भेटायला आल्या. त्या खूश होऊन गेल्या की पुढच्या वर्षाची मदत पक्की, असं आम्हा सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. म्हणून मी रुग्णांना आधीच निरोप धाडले होते, साधेच कपडे घालून या, अंगावर सोनं नको.

आजी आली ती ठेवणीतलं पातळ नेसून. हातात पिशवी. पिशवीत खण, नारळ, ओंजळभर गहू आणि वर मळ्यातली हिरवीगार पानं.

"बाईची ओटी भरतो मी," आजी म्हणाली. "तिनं मले डोया देल्ला. लेकीवाणी हाये मले. तशीच कशी जाऊ देऊ तिले?"

उपाशी झोपणारी बाई नवाकोरा खण घेऊन उभी, आणि परदेशी बाई चार पावलांवर. आजीला थांबवायचं होतं आणि खरं कारण तर सांगता येत नव्हतं. मग जिभेवर जे आलं ते मी बोलले.

"आजी, तुमी कुंकू लावत नाई ना? मग तुमच्या हातानं ओटी कशी भरता? अपशकुन होते."

हे वाक्य माझं नव्हतं. अकोल्याला माझ्या लग्नात आईनं माझी ओटी भरायला हात पुढे केला, तेव्हा एक काकू हेच बोलली होती. बाबा जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मी भर मांडवात त्या काकूवर तुटून पडले होते आणि हट्टानं आईकडूनच ओटी भरून घेतली होती. केवढा अभिमान होता मला त्याचा! दहा जणींना तरी मी तो किस्सा ऐकवला असेल.

आजी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं हात पदराखाली घेतला. "हो माय, बराबर हाये. मीच इसरली," म्हणाली आणि पिशवी बाकड्याखाली सरकवली. परदेशी बाईंनी विचारलं, पिशवीत काय आहे? मी सांगितलं, घरचं सामान आहे. मग त्यांनी आजीचा हात हातात घेतला आणि फोटो काढून झाला. पुढच्या वर्षाची मदतही आली.

डाव्या डोळ्याची तारीख आली, आजी आली नाही. फोन केला तर मुलगा म्हणाला, "माय नाई म्हणते, कारण सांगत नाई." मला कारण ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी एसटीनं अंजनगाव गाठलं.

आजी ओसरीत पानं लावत बसली होती. मी सगळं ओकून टाकलं, अपशकुनाचं खोटं होतं ते, आणि गोष्टीत काय लिहिलं होतं तेही. ती पानं लावायची थांबली.

"माहा पोरगा हाये न घरी," ती म्हणाली. "कावून लिवलं असं?"

"पैसे येतात म्हणून, आजी."

मी हात जोडले, तारीख पुन्हा घेऊ म्हटलं, डोळा जाईल म्हटलं, अक्षरशः रडले.

"रडू नको बाई. एका डोयानं दिसते तेवढं बस हाये. कोणाचं घेतलं तर आपुनबी काही द्यावं लागते. तिथं माह्या हातचं चालत नाई."

चहा झाला. मी निघाले, तेव्हा सवयीनं आजीनंच कोनाड्यातला करंडा उतरवला. झाकण काढलं, बोट कुंकवात बुडवलं, आणि तशीच थांबली. मग बोट पदराला पुसून तिनं सुनेला हाक मारली. "ये वं, बाईले कुंकू लाव."

"तुमीच लावा आजी," मी म्हणाले आणि कपाळ पुढे करून उभी राहिले. बराच वेळ उभी होते. शेवटी सुनेनं लावलं.

उन्हाळ्यात आजीचा डावा डोळा गेला.