दारातला मांडव

त्या काळात आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘तात्पुरती’. पाणी पुरत नाही, गटारं तुंबतात, म्हणून शहरात उंच अपार्टमेंटना परवानगी देणं थांबवलंय, अशी बातमी पेपरात आली, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, निर्धास्त होते.

“तात्पुरती स्थगिती हाय की,” ते म्हणाले. “महिन्याभरात उठतीय बघ.”

पण आमचं घर तोवर पडलं होतं. मंगळवार पेठेतलं बैठं घर बिल्डरला द्यायचं आणि त्या जागी होणाऱ्या इमारतीत आम्ही फ्लॅट घ्यायचा, असं ठरलेलं. “आधी परवानगी हातात येऊ द्या की, मग भिंतीला हात लावा,” असं आईनं बजावलं होतं. अण्णांना मात्र अक्षय तृतीयेलाच भूमिपूजन करायचं होतं. त्या दिवशी केलेल्याचा क्षय होत नाही म्हणे! पूजेला जागा मोकळी हवी, म्हणून आधी घर पाडलं. मुहूर्त साधला, परवानगी राहिली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तशातली गत, आणि लग्न होतं माझं.

स्थळ जयसिंगपूरचं. सुपारी फुटलेली. मुलगा मला फार आवडला होता. तेव्हा हे मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, आता म्हणते. कार्यालयात लग्न उरकून घेऊ, असं त्याच्या वडिलांनी सुचवलं. अण्णांनी नकारार्थी मान हलवली. “पोरीचा मांडव माझ्या दारात पडणार. भाड्याच्या दारात न्हाय.”

लग्नसराई गेली, दुसरी आली. आम्ही राजारामपुरीत दोन खोल्यांत, आणि पेठेतल्या मोकळ्या जागेत शेजाऱ्यांच्या म्हशी. शेवटी मुलाचे वडील स्वतः आले.

“पावणं, तुमची स्थगिती उठंल तवा उठंल. आमचं पोरगं किती दिस बसवून ठेवायचं?”

“तात्पुरती हाय वो,” अण्णा म्हणाले. पाहुणे चहा न घेता उठले. आत मी भिंतीला डोकं टेकवून उभी होते. त्या दिवशी बापाचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

स्थगिती उठली, तेव्हा जयसिंगपूरच्या त्या घरात पाळणा हलला होता. अण्णा पेढे घेऊन आले. आईनं डबा न उघडता फळीवर ठेवला.

पुढं इमारत उभी राहिली. गिलावाही झाला नव्हता, तेव्हा अण्णा मला हौसेनं फ्लॅट दाखवायला घेऊन गेले. तिसरा मजला. स्वयंपाकघर दाखवलं, गॅलरी दाखवली. मग दाराच्या चौकटीत येऊन ते बाहेर बघत राहिले. समोर हातभर मोकळी जागा, पलीकडं दुसऱ्याचं दार, मधून खाली जाणारा जिना.

“पोरी,” ते हळूच म्हणाले, “हितं मांडव कुठं घालायचा गं?”

इतक्या दिवसांत हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.