वाघ पळवणारं इंजिन

सावली या तालुक्याच्या गावाहून जंगलाकडे निघालं की डांबरी रस्ता एका ठिकाणी संपतो आणि तिथून पुढे नुसता मंजूर झालेला रस्ता सुरू होतो. त्या मंजूर रस्त्यावर पांढरटोला आहे. गावात आता घरोघरी मोटारसायकली आहेत, पण नुसतं ‘गाडी’ म्हटलं तर ती एकच, नानाजी गुरनुल्यांची राजदूत. नानाजींच्या लग्नानंतर दुसऱ्याच साली ती गावात आली. तेव्हा तिचा रंग काळा होता असं जुनी माणसं सांगतात. आता तो सांगण्यासारखा राहिलेला नाही.

ही गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. मग धूर दिसायचा, आणि धूर जरा विरला की त्यातून नानाजी प्रकट व्हायचे. किक मारताना ते गाडीशी बोलायचे, गाडी चालू झाली की रस्त्यातल्या माणसांशी बोलायचे, आणि इंजिनाचा आवाज एवढा की त्यावर आवाज काढून बोलावं लागायचं. पुढे पुढे गाडी बंद असतानाही त्यांचा आवाज तेवढाच राहिला. घरात मीठ मागितलं तरी ते शेजारच्या घरातून यायचं.

पांढरटोल्याच्या तिन्ही बाजूंना जंगल, आणि जंगलात वाघ. गावात त्याचं नाव कुणी घेत नाही, ‘मोठं जनावर’ म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची एक बाई पहाटे मोहफुलं वेचायला गेली ती परत आली नाही. पण मोह पहाटेच टपकतो, ऊन चढलं की फूल कोमेजतं आणि गुरं खातात. घरात चैत्र-वैशाखाला हाताशी दुसरं काही नसतं. तेव्हा जायचं तर होतंच. कुणी एक साहेब येऊन बायकांना डोक्याच्या मागे बांधायचे मुखवटे वाटून गेले. म्हणे जनावराला वाटतं माणूस आपल्याकडेच बघतोय. बायकांनी ते मुखवटे धानाच्या बांधीत, शेतातच, काठ्यांवर लावले आणि त्या साली धानाला पाखरांचा त्रास फार कमी झाला.

मग नानाजींनी जबाबदारी घेतली. कुणी दिली नव्हती, पण नानाजी जबाबदारीची वाट बघत बसणारे नव्हेत. पहाटे पुढे त्यांची राजदूत पहिल्या गिअरमध्ये फटफटत, मागे टोपल्या घेतलेल्या बायका. त्या उन्हाळ्यात गावातलं कुणी जनावराच्या तोंडी गेलं नाही. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात नानाजींना दुपट्टा आणि नारळ मिळाला. नारळ खाऊन झाला, दुपट्टा मात्र ते गाडीवर बसताना गळ्यात घेऊ लागले.

त्यांच्याकडे एक गोष्टही होती. तरुणपणी हेमलकशाच्या दवाखान्यात सोयऱ्याला भेटून ते राजदूतवर परत येत असताना रस्त्याच्या मधोमध वाघ उभा राहिला होता. नानाजींनी क्लच दाबला, ॲक्सिलेटर पिळला, गाडीने असा फटाका सोडला की वाघाने मान खाली घातली आणि वाट मोकळी केली. पहिल्यांदा सांगितली तेव्हा तो वाघ वासराएवढा होता. दर उन्हाळ्यात तो वाढत गेला. पानठेल्यावर बसणारा मुखरू म्हणायचा की एवढं चांगलं खाणंपिणं आपल्या गोऱ्ह्यांना मिळालं असतं तर बैलांच्या शर्यतीचा शंकरपट आपणच जिंकला असता.

अशा या गाडीचं इंजिन माघात, शंकरपट बघून परत येताना, जाम झालं. राजदूतला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकावं लागतं, हे नानाजींना स्वतःच्या नावाइतकं ठाऊक. पण त्या दिवशी पेट्रोल भरताना मागे उभ्या माणसाला ते हेमलकशाची गोष्ट सांगत होते, आणि वाघाने मान खाली घालेपर्यंत टाकीचं झाकण लागलं होतं. ऑइलची बाटली पिशवीत भरलेलीच राहिली. गाडी अर्ध्या रस्त्यात कण्हली आणि थांबली. नानाजींनी घरी येऊन बाटली धान साठवायच्या ढोलीमागे ठेवून दिली आणि गावात सांगितलं की इंजिनाचं वय झालं होतं. बायकोलाही, रुखमाबाईंनाही, तेच सांगितलं.

गाव हादरलं. मोहाचे दिवस तोंडावर आणि वाघ पळवणारं इंजिन मेलेलं. गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली तेव्हा बायका अशा गोळा झाल्या होत्या की आत एखादं माणूस झोपलं आहे असं वाटावं. मुखरूने तेवढ्यात टोमणा मारला की बरं झालं, बिचारी किती वर्षांपासून खोकत होती. नानाजींनी तो शब्द मनाला लावून घेतला, आणि पुढचं सगळं त्या एका शब्दापायी झालं.

सावलीच्या बसस्टँडमागे पियुषचं गॅरेज आहे. त्याने इंजिन खोललं, पिस्टन बघितला, सिलिंडरवरचे ओरखडे बघितले, आणि नानाजींकडे बघितलं. ऑइलचं विचारायला तो तोंड उघडणार, तोच नानाजींनी गाडीचा इतिहास सुरू केला, त्यामुळे ते राहूनच गेलं. हे इंजिन आता उठत नाही, भाऊ, दुसरंच बसवावं लागेल, असं पियुष म्हणाला. दुसरं कुठलं मिळणार, राजदूत बनणं बंद होऊन जमाना झाला. पण पियुषने शोध घेतला. माजरीला खाणीतून रिटायर झालेल्या एका माणसाची राजदूत गोठ्यात प्लास्टिकखाली झाकून ठेवलेली निघाली. दर दसऱ्याला पुसून, हार घालून परत झाकायची, अशी ठेवलेली. पोरांना ती नको होती. तिचं इंजिन सावलीला आलं.

नानाजी रोज गॅरेजवर जाऊन बसू लागले. पियुषला त्यांचा एकच हुकूम होता, की आवाज असा पाहिजे की मुखरूला वाटलं पाहिजे गाडी आज शोरूममधून काढली. खोकला नको, धूर नको. पियुष हुशार पोरगा, आणि त्यालाही एकदा तरी एखादं काम मनासारखं करायचं होतं. त्याने रिंगा बदलल्या, कार्ब्युरेटर धुतला, भोकं पडलेला सायलेन्सर काढून चांगला बसवला. नानाजी जे मागत होते ते त्यांना तंतोतंत मिळालं, आणि असं फार थोड्या माणसांच्या वाट्याला येतं.

पहिला मोह टपकायच्या आदल्या संध्याकाळी नानाजी गाडी घेऊन गावात शिरले. दुपट्टा गळ्यात होता. कुणीही बाहेर आलं नाही, कारण कुणाला ऐकूच गेलं नाही. कोंबड्या उडाल्या नाहीत. रस्त्यात झोपलेलं कुत्रं उठलंसुद्धा नाही, नानाजींना उतरून त्याला बाजूला करावं लागलं. अंगणात गाडी लावून ते घरात गेले तर रुखमाबाई चुलीपुढून म्हणाल्या की गाडी नाही का झाली अजून. नानाजींना वाटलं, सारं गाव जळतंय.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत हापशीजवळ बायका टोपल्या घेऊन जमल्या. मुखरूही आला होता, तमाशा बघायला. नानाजींनी किक मारली. एकाच किकमध्ये गाडी चालू झाली आणि शिवणयंत्रासारखी बारीक घरघरू लागली. नानाजींनी हँडल धरून बायकांकडे पाहिलं. बायका उभ्याच.

“भाऊ,” मुखरू म्हणाला, “गाडी चालू हाय का बंद हाय?”

कुणी हसलं नाही, आणि नानाजींना हेच जास्त लागलं. त्यांनी बायकांच्या तोंडांकडे पाहिलं तर तिथे चेष्टा नव्हती, भीती होती. एक म्हातारी टोपली उपडी घालून तिच्यावर बसली. दुसरी म्हणाली की यापेक्षा तर माझं जातं जास्त वाजतं, आणि घराकडे वळली. तिच्यामागे दोघी-तिघी वळल्या. जंगलात त्या वेळी मोह टपकत होता. त्या फुलांवर ज्या घरांचा उन्हाळा निघायचा ती घरं परत निघाली होती, आणि याला कारण एकच, नानाजींची हौस. एवढं त्यांनाही कळलं. आणि कळलं म्हणूनच त्यांना राग आला.

मग त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि सुरू केलं. इंजिन म्हणजे काय हे या गावाला कधी कळणार नाही. पिस्टन काय, रिंग काय, माजरीचा माणूस काय, पियुषने रात्रंदिवस केलेलं काम काय. आवाज चढत गेला. हात हलवत ते दोन पावलं पुढे गेले, मागे आले, पुन्हा चार पावलं जंगलाच्या बाजूला गेले. पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. रस्त्यातलं कुत्रं उठून शेपूट घालून निघून गेलं.

रुखमाबाईंनी टोपली डोक्यावर घेतली.

“चाला वं बायांनो,” त्या म्हणाल्या. “गाडीचं राहू द्या. हे चालू झाले.”

आणि त्या नवऱ्याच्या मागे चालायला लागल्या. म्हातारी उठली, वळलेल्या बायकाही परत आल्या. नानाजी इंजिन समजावत समजावत पुढे, आणि सगळी मोहाची रांग मागे. आपण गाडीवर नाही हे त्यांच्या ध्यानात आलं ते नाल्यापाशी, आणि तेही पायाखालच्या ओल्या वाळूमुळे. त्या वाळूत पंजे उमटले होते. मोठे. एका पंजाच्या खड्ड्यात अजून पाणी झिरपत होतं.

नानाजी गप्प झाले. असं गप्प त्यांना लग्नातसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. जंगल एकदम केवढंतरी मोठं झालं. वासराएवढा, गोऱ्ह्याएवढा, बैलाएवढा, सगळे वाघ त्यांच्या डोक्यातून निघून गेले आणि खराच तेवढा उरला.

मागून रुखमाबाईंचा आवाज आला. तो कापत होता, पण आला.

“काऊन थांबले? बोला ना जी.”

“काय बोलू?” नानाजींनी कसंबसं विचारलं.

“हेमलकशाची गोष्ट. मी हेमलकशावरून येऊन राह्यलो होतो...”

“येऊन राह्यलो होतो,” नानाजी पुटपुटले.

“मोठ्यानं. सोयऱ्याले भेटून. रस्त्याच्या मधात वाघ उभा...”

“वाघ उभा,” नानाजी ओरडले. “गोऱ्ह्याएवढा!”

“मागच्या साली बैलाएवढा होता जी,” मागून कुणीतरी तेवढ्याच मोठ्याने म्हणालं. तिसरीने सांगितलं की बैलाएवढा दिवाळीपासून झाला. म्हातारी म्हणाली की तिने तर वासराएवढा असल्यापासून ऐकला आहे, तिला कुणी शिकवू नये. यावरून अशी जुंपली की कुणाचं कुणाला ऐकू येईना. क्लच दाबला की आधी ॲक्सिलेटर पिळला यावर दोन तट पडले. फटाक्याच्या जागी सगळ्या बायका मिळून ‘फट्’ म्हणाल्या. त्या गोंगाटात रांगेने नाला ओलांडला. पलीकडे वरच्या अंगाला झुडपं हलली, जनावराच्या चाहुलीने हरणं ओरडली, आणि ते ओरडणं लांब लांब जात डोंगराकडे गेलं.

मोहाखाली पिवळ्या फुलांचा सडा पडला होता. बायका वेचायला बसल्या तेव्हा नानाजी रुखमाबाईंच्या टोपलीशेजारी येऊन टेकले.

“तुले पुरी पाठ हाय?” त्यांनी विचारलं. हळू बोलण्याचा सराव नसल्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

“साऱ्या गावाले पाठ हाय,” रुखमाबाई फुलं वेचता वेचता म्हणाल्या. “त्या इंजिनावर आवाज काढून काढून सांगत होते ना तुमी. आमाले गाडी कुठी आयकू येत होती जी? तुमीच आयकू येत होते.”

नानाजींना हा मान की अपमान ते ठरवता येईना. दिवसभर ते त्याच विचारात होते, आणि त्यामुळे दिवसभर गावात शांतता होती. संध्याकाळी ते सावलीला जाऊन पियुषला भेटले. पियुष म्हणाला, त्यात काय मोठं, सायलेन्सरची जाळी काढतो, पुन्हा पहिल्यासारखी बोंबलेल. नानाजी गाडीवरून हात फिरवत म्हणाले की राहू दे, पेट्रोल वाचते. एवढंच बोलून ते परत आले, हे पियुष अजून लोकांना नवलाने सांगतो.

त्यानंतर गाडी अंगणातच उभी राहू लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे हापशीजवळ बायका जमल्या. नानाजींनी दुपट्टा घेतला आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकणार, तोच रुखमाबाई आतून आल्या. एका हातात जंगलातल्या मधाची वाटी होती, घशासाठी. दुसऱ्या हातात धूळ पुसलेली, काठोकाठ भरलेली ऑइलची बाटली होती. ती त्यांनी नानाजींच्या डोळ्यांसमोर गाडीच्या पिशवीत ठेवली, आणि वाटी पुढे केली.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “गाडीच्या येळेस इसरले होते. आता तरी इसरू नोका.”

नानाजींनी एकदा ढोलीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग वाटीतला मध बोटाने चाटून घेतला, घसा खाकरला, आणि हापशीकडे निघाले.